डमी ठोकायच्या आधी भोक मोजा: जुन्या लष्करी जीपच्या इंजिनातले कोअर प्लग

पर्वरीचे एक डॉक्टर गणेशचवथीच्या महिनाभर आधी त्यांची फोर्ड जीपीडब्ल्यू घेऊन डिचोलीला माझ्या पडवीत आले. गाडी १९४३ची. विलीज ही तशीच जीप बनवणारी दुसरी कंपनी, पण चुकून कोणी विलीज म्हणालं तर ते लगेच खाली वाकून बोल्टच्या डोक्यावरचा फोर्डचा ‘एफ’ दाखवतात. तक्रार एकच होती. “मेस्त, रोज तांब्याभर पाणी घालावं लागतं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही.”

तिघांनी त्यांना तीन निदानं दिली होती: हेड गॅस्केट, वॉटर पंप, रेडिएटर. मी बॅटरी घेतली आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या ओतीव धडाच्या, बाजूने खालून वर उजेड मारला. मॅनिफोल्डच्या, म्हणजे ब्लॉकला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांच्या, आडोशाला एका गोल चकतीच्या खालच्या कडेपासून तांबूस ओघळ आला होता आणि त्याच्या मुळाशी पांढरट खापरी धरली होती. तिथून पाणी झिरपत होतं, पण तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, पडताच वाळून जात होतं. जमिनीवर थेंब दिसणार कुठून? पाणी जातंय आणि वाट सापडत नाही, तर हेड उघडायच्या आधी हे ओघळ शोधा. इंजिन थंड असताना शोधा, गरम असताना नाही.

या चकतीला पुस्तकात कोअर प्लग किंवा वेल्श प्लग म्हणतात. आम्ही गॅरेजवाले डमी म्हणतो. इंग्रजीत फ्रीझ प्लग असंही नाव आहे. पाणी गोठून फुगलं की ब्लॉक फुटण्याऐवजी ही चकती बाहेर पडते, अशी समजूत त्यामागे आहे. थंड देशात कधीमधी तसं होतही असेल, पण चकतीचा जन्म त्यासाठी झालेला नाही. गोव्यात तर पाणी गोठतं ते फक्त मासळीच्या डब्यात.

चकती कशासाठी असते ते मला बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत उभं राहिल्यावर कळलं. सिलिंडरभोवती पाणी खेळायला ब्लॉक पोकळ हवा. ती पोकळी ठेवण्यासाठी साच्याच्या आत वाळूचा घट्ट केलेला गाभा बसवतात, त्यालाच कोअर म्हणतात. हा गाभा हवेत तरंगत राहू शकत नाही, म्हणून त्याचे पाय बाजूच्या भोकांतून बाहेर टेकवलेले असतात. बीड ओतून थंड झालं की त्याच भोकांतून वाळू फोडून काढतात. मग भोकं मशीनवर साफ करून त्यांना चकत्या लावतात. म्हणजे डमी हे ओतकामाचं राहिलेलं दार आहे. दार बंद राहायचं तर चौकट शाबूत हवी, आणि माझं पुढचं सगळं सांगणं त्या चौकटीबद्दलच आहे.

डमी दोन जातींची असते. मी त्यांना बशी आणि वाटी म्हणतो. बशी म्हणजे मध्ये किंचित फुगीर असलेली जाड चकती. तिच्या भोकाला आत पायरी असते आणि बशी त्या पायरीवर टेकते. फुगीर बाजू तुमच्याकडे ठेवून मधोमध ठोकलं की घुमट सपाट होतो, कड चहूबाजूंनी बाहेर सरकते आणि भोकाच्या भिंतीत रुतते. वाटी म्हणजे पातळ पत्र्याची उभ्या काठाची डबी. तिचं भोक सरळ भिंतीचं असतं. वाटी भोकापेक्षा केसभर मोठी असते आणि दाबून आत बसवायची असते, तिची उघडी बाजू बाहेर राहते. बशी फैलावून धरते आणि वाटी आवळून धरते. म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही. पायरीच्या भोकात वाटी ठोकणारे मी पाहिले आहेत. दोन दिवस टिकते.

तुमच्या इंजिनात कुठली आहे हे पुस्तकात बघून ठरवू नका. जीपचं २१९९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन ऐंशी वर्षांचं झालं आहे. एवढ्या काळात त्याला किती हात लागले असतील आणि कोणी भोक मोठं करून काय बसवलं असेल, ते पुस्तकाला ठाऊक नसतं. जुनी डमी काढा, बोट घालून पायरी आहे का बघा, मग ठरवा.

आता माझी फजिती सांगतो, कारण या कामात जे शिकलो ते तिथेच शिकलो. खाणीच्या वर्कशॉपमध्ये मी डंपरांची इंजिनं उघडत होतो, तेव्हाची गोष्ट. एका ओळखीच्या माणसाची जीप रविवारी घरी आणून दुरुस्त केली. जुनी डमी काढली, व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या जबड्यांच्या पट्टीवर, मोजली, तेवढ्याच मापाची नवी वाटी आणली. थोडी सैल वाटली. मी काय केलं? सिलिकॉनची अर्धी ट्यूब पिळली आणि ठोकून दिली. उभ्या गाडीवर अर्धा तास इंजिन चालवलं, थेंब नाही. मालक खूश, मीही खूश. म्हटलं चला, चोर्ला घाटात तपासू.

केरी सोडलं, अंजुणे धरण मागे पडलं, दुसरा गियर लागला. चढावर पाच-सहा वळणं झाली असतील, तेवढ्यात बॉनेटखालून ‘फट्’ आवाज आला आणि काच पांढरी झाली. सगळं पाणी रस्त्यावर. डमी परत सापडलीच नाही. सापडली ती फक्त सिलिकॉनची गोल कडी, रबरी बांगडीसारखी अख्खी.

जीपच्या कुशीला फावडं आणि कुऱ्हाड लावलेली असते, लष्करी पद्धतच ती. मालकाने हौसेने नवी कुऱ्हाड लावून घेतली होती. तिने एक फांदी तासून खुंटा केला, त्यावर बनियनची पट्टी गुंडाळली आणि भोकात ठोकला. लाकूड पाण्याने फुगतं आणि घट्ट होतं. इंजिन थंड झाल्यावर ओढ्याचं पाणी भरलं. रेडिएटरचं झाकण पहिल्याच खाचेवर सैल ठेवलं, म्हणजे आत दाब धरणार नाही. मग उतारावरून हळूहळू केरीला परत आलो. मालक वाटेत एक शब्द बोलला नाही.

घरी येऊन प्रथमच भोक मोजलं. जुन्या डमीपेक्षा ते तीन दशांश मिलिमीटर मोठं निघालं. आधीच्या कोणीतरी गंज काढायला ड्रिलवर एमरी लावून भोक खाऊन टाकलं होतं, आणि माझ्यासारखंच काहीतरी चोपडून वेळ मारून नेली होती. जुनी डमी मोजण्यात अर्थ नाही. ती गंजलेली असते, ठोकलेली असते, आणि मुळात चुकीची असू शकते. मोजायचं ते भोक.

तर डॉक्टरांच्या गाडीवर केलं तसं काम सांगतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि रेडिएटर व ब्लॉक, दोन्हीकडचं पाणी काढा. ब्लॉकची तोटी उघडून पाणी आलं नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. बहुतेक वेळा तोटीच गाळाने बुजलेली असते. तार घालून खाजवा. आडवे येणारे भाग बिनदिक्कत सोडा. मॅनिफोल्डच्या नटांना आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, घाईने पाना लावला तर स्टड तुटतो आणि मग दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. जागा अरुंद असेल तर अर्धवट कोनातून ठोकायचा मोह होतो. मी तो सोडून दिला आहे. समोरून सरळ ठोकता येत नसेल तर अजून एक भाग खोला.

बशी काढायला तिच्या मध्यावर पंच मारून पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलच्या पात्याला टोकापासून सहा मिलिमीटरवर टेप गुंडाळा आणि त्याच्या पुढे पातं जाऊ देऊ नका. चकतीमागे पाण्याची जागा असते आणि तिच्यापलीकडे सिलिंडरची भिंत. चकती पार होताना ड्रिल एकदम आत धसतं, तेव्हा दोन्ही हातांनी मागे ओढून धरा. भोकात जुना स्क्रूड्रायव्हर घालून तरफेसारखं उचला, पण टेकू भोकाच्या कडेवर नको, लाकडाच्या ठोकळ्यावर घ्या. कडेला खरवडा पडला तर तोच उद्याचा ओघळ.

वाटी काढणं सोपं. बोथट छिन्नी वाटीच्या तळाला एका कडेजवळ लावून ठोका. ती बाजू आत जाते, समोरची बाहेर येते आणि वाटी भोकात आडवी फिरते. मग पकडीने कान धरून ओढा. फक्त ती ब्लॉकच्या आत पडू देऊ नका. पडलीच तर बाहेर काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाण्याची वाट अडवून ती त्या सिलिंडरला तापवत राहील. लोखंडी डमी चुंबकाच्या काडीला येते. पितळी येत नाही, तिला वाकड्या तारेने मासा गळाला लावावा तसं खेळवावं लागतं. मी एकदा त्यात अख्खी दुपार घालवली आहे.

डमी निघाली की आत काय दिसतं ते बघा. डॉक्टरांच्या गाडीत सर्वांत मागच्या भोकातून बोट घातलं तर बोटाचं पेर रुतलं. लालबुंद, तेलकट, ओल्या मातीसारखं. आम्ही आयुष्यभर डिचोलीच्या खाणींतून काढून मांडवीच्या बार्जेसमध्ये जे भरलं तेच हे, लोखंडाचा ऑक्साइड. इथे ते घरबसल्या तयार झालं होतं. वॉटर पंप पुढे असतो, मागच्या सिलिंडरभोवती पाणी संथ होतं, म्हणून गाळ मागे साठतो. ही दारं पुन्हा कधी उघडतील सांगता येत नाही, तेव्हा उघडी आहेत तोवर धुऊन घ्या. वाकवलेल्या तारेने खरवडा, नळीचं पाणी सोडा, दुसऱ्या भोकातून बाहेर काढा, मग उलट बाजूने. गाळ काढल्याशिवाय नवी डमी लावणं म्हणजे गंजाला नवं जेवण वाढणं. मी डॉक्टरांच्या ब्लॉकमधून किलोभर तरी ऐवज काढला. त्यांनी तो बरणीत भरून दवाखान्यात नेला. कशाला ते विचारलं नाही.

आणि एक. एका डमीला छिद्र पडलं असेल तर सगळ्या बदला. बाकीच्याही त्याच पाण्यात, तेवढीच वर्षं बसल्या आहेत. बाहेरून रंगवलेली चांगली दिसणारी डमी मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नुसती दाबली आणि टोक आरपार गेलं.

आता चौकट. भोकाची भिंत आणि पायरी उघड्या बिडापर्यंत साफ करायची. आधी जुनं सीलंट आणि खापरी बोथट पात्याने काढा. मग १८० नंबरचा आणि शेवटी ३२० नंबरचा एमरी बोटाला गुंडाळून गोल फिरवा. ड्रिलवर काही लावू नका, हातानेच. आतबाहेर घासू नका. आडवा ओरखडा पाण्याला अडवतो, आतून बाहेर गेलेला ओरखडा पाण्याला पन्हळ देतो. बशीच्या भोकात पायरीच्या कोपऱ्यात अडकलेला गंज विशेष काढा, नाहीतर बशी एका बाजूने उचललेली राहते आणि ठोकताना तिरकी बसते. भिंतीत एखादा खड्डा असेल आणि तो आतून बाहेरपर्यंत गेलेला नसेल तर चालतो. आरपार गेलेला असेल तर धातूची भुकटी मिसळलेला, उष्णता सोसणारा इपॉक्सी भरून, पूर्ण वाळवून, पुन्हा गोल घासून घ्या. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा. फडक्यावर तांबूस डाग येणं थांबेपर्यंत पुसा.

मग माप. आतल्या मापाच्या जबड्यांनी तीन दिशांना मोजा, घड्याळातल्या बारा, दोन आणि चारच्या रेषेत. तिन्ही आकडे लिहून ठेवा. त्यांच्यात दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर भोक लंबगोल झालं आहे. तेव्हा टर्नरकडे जाऊन भोक गोल करून घ्या आणि वाढीव मापाची डमी लावा. वाढीव मापाच्या डम्या मिळतात, मागाव्या लागतात एवढंच. या अमेरिकन इंजिनांची मापं इंचांत आहेत. जवळपासची मिलिमीटरची डमी ‘चालते की’ म्हणून कोणी गळ्यात मारेल, ती घेऊ नका. दुकानात व्हर्नियर खिशातून काढून डमी तिथेच मोजा. म्हापशाच्या एका दुकानदाराने मला त्यावरून वैद्यबुवा नाव ठेवलं आहे.

वाटी भोकापेक्षा साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर मोठी हवी. ०.०५च्या आत फरक असेल तर ती धरणार नाही. फार मोठी असेल तर काठ चुरगळतो आणि चुरगळलेल्या घडीतून पाणी येतं. बशीचं उलट. ती भोकात हाताने बसली पाहिजे, पण खुळखुळता कामा नये.

धातू कोणता? मूळच्या बहुधा साध्या पोलादाच्या असतात. मी पितळी लावतो. पितळ गंजत नाही, मऊ असल्यामुळे जुन्या भोकाच्या बारीक खाचाखोचांत बसतं. पितळ आणि बीड शेजारी आले की बीड झिजेल अशी शंका काही जण घेतात. एवढ्याशा पितळासमोर एवढा मोठा ब्लॉक, आणि कूलंट चांगलं असेल तर तो त्रास जाणवत नाही. स्टेनलेसही मिळते, पण ती कडक. भोक नव्यासारखं असेल तरच घ्या.

सीलंट हा मदतनीस आहे. भार त्याच्यावर टाकायचा नाही. मी अजून शेलॅक, म्हणजे लाखेचं द्रावण, वापरतो, ब्रशने भोकाच्या भिंतीला एक पातळ थर, बशी असेल तर पायरीलाही. ते चिकट होईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबतो. न वाळणारं हिरवट-निळं गॅस्केट सीलंटही चांगलं. सिलिकॉन मात्र नको. ठोकताना ते वंगणासारखं काम करतं, आणि जास्तीचं आत लोंबतं ते तुटून रेडिएटरच्या नळ्यांत जातं. जुने मेस्त शेंदूर तेलात कालवून लावायचे. टिकायचं खरं, पण त्यात शिसं असतं. त्या वाटेला जाऊ नका.

बशी ठोकताना मला अजूनही थोडी धाकधूक होते, कारण इथे दुसरी संधी नाही. ठोकायला लेथवर वीस मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा दांडा करून घेतला आहे, टोक अगदी किंचित गोल. हातोडी किलोभराची, कारण हलक्या हातोडीने दहा ठोके मारण्यापेक्षा जड हातोडीचे दोन बरे. बशी फुगीर बाजू बाहेर ठेवून पायरीवर टेकवा आणि बोटाने कडेवर चारी बाजूंनी दाबून ती डुगडुगत नाही हे बघा. दांडा बरोबर मधोमध. पहिला ठोका ओळखीपुरता. आवाज पोकळ येतो, डब्यावर थाप मारल्यासारखा. दुसरा मनापासून. कड भिंतीत रुतली की आवाज बदलतो, आखूड आणि घन होतो, आणि दांड्यातून झटका मनगटापर्यंत येतो. तिथे थांबा. पोलादी पट्टी आडवी धरा. मध्य कडेच्या पातळीत आला पाहिजे, किंवा नखाच्या जाडीएवढा खाली. अजून फुगीर दिसला तर एक ठोका आणखी. पण मध्य आत खळगा होईपर्यंत मारलं तर कड उलट आत ओढली जाते आणि बशी सैल होते. मग ती फेकायची आणि नवी घ्यायची. ठोकून झालेली बशी सरळ करून परत लावणाऱ्याला मी माझी हत्यारं देत नाही.

वाटीचं तंत्र वेगळं. तिला काठावर कधी ठोकायचं नाही. काठ दुमडला की पकड गेली. वाटीच्या आत सैलसर जाईल आणि तळाच्या कडेपर्यंत पोचेल असा सॉकेट शोधा, त्याची बाजू वाटीच्या भिंतीला घासता कामा नये. ठोकण्याआधी वाटी दोन तास फ्रीझरमध्ये ठेवली तर किंचित आकसते. आमच्या घरी ती सुंगटांच्या (कोळंबीच्या) पिशवीशेजारी असते, बायकोने त्यावर बोलणं सोडून दिलं आहे. बाहेर काढली की लगेच पुसा, नाहीतर दमट हवेत तिच्यावर दव धरतं आणि शेलॅक चिकटत नाही. पहिले दोन-तीन ठोके हलके, आणि प्रत्येक ठोक्यानंतर समोरून बघा. तिरकी शिरत असेल तर तिथेच काढा. उरलेली बाजू मारून सरळ करू म्हणाल तर भिंत ओरबाडली जाते. वाटीचा काठ भोकाच्या तोंडाच्या उतरत्या कडेच्या खाली मिलिमीटरभर गेला की पुरे. पार खोल ढकलू नका.

इंजिन गाडीतच असेल आणि डमी चासीच्या पट्टीसमोर असेल तर हातोडी फिरवायला जागा नसते. तिथे मी लांब नट आणि बोल्टचा छोटा जॅक करतो. एक टोक चासीवर लाकडाचा तुकडा ठेवून, दुसरं दांड्यावर. पान्याने बोल्ट बाहेर फिरवत गेलं की डमी शांतपणे आत सरकते. वाटीला तर हा उपाय ठोकण्याहून सरस आहे. फक्त दांडा भोकाच्या काटकोनात आहे ना, ते दर अर्ध्या फेऱ्याला बघा.

लष्करी गाडीला खडखडाट जास्त म्हणून काही जण डमीवर आडवी पट्टी लावून दोन स्क्रूंनी आवळतात. ब्लॉकवर त्यासाठी आट्यांची भोकं मुळातच असतील तर जरूर लावा. नसतील तर नवी पाडू नका, बीड किती जाड आहे हे बाहेरून कळत नाही आणि ड्रिल थेट पाण्यात उतरू शकतं. भोकाच्या कडेला पंचने तीन टिंबं मारून डमी ‘लॉक’ करण्याची पद्धतही आहे. मी करत नाही. बिडाची कड कपच्यासारखी उडते. मापात बसलेल्या डमीला पहारेकरी लागत नाही.

इंजिन बाहेर काढलंच असेल तर मागची बाजू विसरू नका. गियरबॉक्सच्या हाउसिंगमागे लपलेली डमी गळायला लागली तर अख्खा गियरबॉक्स उतरवावा लागतो. बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकालाही अशीच एक चकती असते, तिच्यामागे पाणी नसून तेल असतं. ती फार आत गेली तर कॅमशाफ्टला टेकते. बसवल्यावर कॅमशाफ्ट हाताने फिरवून आणि मागेपुढे हलवून बघा, मगच हाउसिंग लावा.

शेलॅकला रात्रभर द्या. सकाळी पाणी भरा आणि इंजिन चालू न करता दाब देऊन बघा. माझ्याकडे जुन्या रेडिएटरच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह डाग देऊन बसवलेलं जुगाड आहे. त्याला काटा असलेला हातपंप लावतो. तुमच्या झाकणावर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब द्या. या गाड्यांचे रेडिएटर कमी दाबाचे, सोल्डरच्या सांध्यांचे. आजच्या मोटारीचं पंधरा पीएसआयचं झाकण लावलंत तर डमी राहील आणि रेडिएटर जाईल. दहा मिनिटं काटा हलता कामा नये. प्रत्येक डमीच्या कडेने वर्तमानपत्राचा कपटा फिरवा, डोळ्याला न दिसणारा ओलावा कागद दाखवतो. मग इंजिन चालवून गरम करा, थंड होऊ द्या, पुन्हा कपटा. बीड तापून फुगतं, निवून आकसतं, गळती बहुधा त्या दुसऱ्या खेपेला दिसते.

आता पाण्याबद्दल, कारण नव्या डमीला पुन्हा खाणार आहे ते पाणीच. विहिरीचं पाणी इंजिनात घालू नका, कितीही गोड असो. क्षारांनी खापरी धरते आणि उघडं बीड गंजतं. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट निम्मेनिम्म घ्या. “गोव्यात अँटिफ्रीझ कशाला?” असं डॉक्टरांनीही विचारलं. थंडीसाठी नाही, त्यातल्या गंजरोधकासाठी. तो दोन वर्षांत संपतो, मग रंग कितीही हिरवा दिसला तरी बदलायचं. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. बाटलीत भरून झाकण लावून ठेवा.

डॉक्टरांची जीप चवथीच्या आठ दिवस आधी चोर्ल्याला नेली. त्याच वळणांवर, दुसऱ्या गियरमध्ये. निघण्याआधी प्रत्येक डमीभोवती खडूचं वर्तुळ काढलं होतं. पाण्याचा थेंब आला तर खडू काळा पडतो. वर माथ्यावर बॉनेट उघडलं तेव्हा पाचही वर्तुळं पांढरी होती. डॉक्टर परत फिरायला तयार नव्हते, म्हणाले, आलोच आहोत तर बेळगावला जाऊन कुंदा घेऊन येऊ. मी सीटखालची पेटी उघडून दाखवली. त्यात मधोमध बोल्ट असलेला रबरी प्लग ठेवला आहे. भोकात घालून बोल्ट आवळला की रबर फुगतं आणि घरापर्यंत आणतं. तो दोन मापांत घ्या आणि गाडीतच ठेवा. त्याच्या शेजारी मी माझा जुना लाकडी खुंटाही टाकला आहे, बनियनच्या पट्टीसकट.